लंडन: आई-बाबांसाठी ‘शार्ड’मध्ये एक रात्र, करावं की नाही?

निळीछत्री
जूनमध्ये आई-बाबांना घेऊन लंडनला चाललेय. भाऊ हाउन्स्लोला असतो, मुक्काम त्याच्याकडेच, दहा दिवस. दोघांच्या लग्नाला या वर्षी ४० वर्षं होतात, म्हणून भावाच्या डोक्यात भरलंय की एक रात्र त्यांना शांग्री-लामध्ये ठेवायचं. शार्ड ही लंडन ब्रिज स्टेशनला खेटून उभी असलेली काचेची निमुळती इमारत. तिच्या ३४ ते ५२ या मजल्यांवर हे हॉटेल आहे. आम्हाला हव्या त्या तारखांचे दर बघितले, ६०० पौंडांच्या पुढेच सुरुवात. म्हणजे एका रात्रीचे सत्तर हजार!

बाबा रेल्वेत होते, मनमाडला यार्ड मास्तर म्हणून रिटायर झाले. त्यांना कशाचंच अप्रूप नसतं. आईला मी आडून आडून विचारलं तर म्हणाली, “झोपायला पैसे कशाला द्यायचे? झोप काय तिथे वेगळी लागते?”

तर प्रश्न असा, की कुणी राहिलंय का तिथे? ज्येष्ठ मंडळींना मजा येईल का? की नुसतं वर जाऊन बघून यावं, फार तर चहा घ्यावा, आणि उरलेल्या पैशांत स्कॉटलंड करावं? भावाला स्कॉटलंड नकोय, त्याला ‘क्षण’ हवाय.

खारीबिस्कीट
वाचतेय. (सत्तर हजार वाचून परत पहिल्यापासून वाचतेय.)

दक्षिणकाठ
मी बर्मंडसीत राहतो, बारा वर्षं झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज शार्ड दिसतो, त्यामुळे त्याच्यावर पैसे घालवायची वेळ कधी आली नाही. पाहुणे मात्र दरवर्षी नेतो.

वर जायचे तीन मार्ग आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. प्रेक्षकांची गॅलरी ६८, ६९ आणि ७२व्या मजल्यावर. तिचं दार वेगळं, तिकीट वेगळं, हॉटेलशी तिचा संबंध नाही. ७२व्यावर वरचा भाग उघडा आहे, वारा अंगावर येतो. दुसरा मार्ग ३५व्या मजल्यावरच्या टिंग रेस्टॉरंटमध्ये दुपारचा चहा किंवा ५२व्या मजल्यावरच्या गाँग बारमध्ये काहीतरी पिणं. तिसरा तुमच्या भावाचा.

जूनमधली एक गोष्ट ध्यानात ठेवा. सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो आणि पहाटे पावणेपाचला उगवतो. दिवे बघायचे असतील तर आई-बाबांना साडेदहापर्यंत जागं ठेवावं लागेल. ढग खाली उतरले तर दोन्ही वेळेला फक्त पांढरी काच. एकदा सासऱ्यांना नेलं होतं, तासभर आम्ही कापूस बघितला.

पुडाचीवडी
कापूस बघायला विदर्भात यायचं नं बावा, फुकट दाखवतो.

वीटचुना
थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मी वास्तुविशारद आहे आणि या इमारतीबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाहीये.

शार्ड म्हणजे काचेची कपची. हे नाव टीकेतून आलं असं सांगतात. इंग्लिश हेरिटेज या संस्थेने म्हटलं होतं की ऐतिहासिक लंडनच्या काळजात ही काचेची कपची घुसेल. इमारतीचा वास्तुविशारद रेंझो पियानो, त्याने तोच शब्द उचलला. त्याचं म्हणणं, जुन्या चित्रांतल्या लंडनच्या आकाशात चर्चचे मनोरे आणि जहाजांच्या डोलकाठ्या दिसतात, त्याच जातीचं हे. पहिलं रेखाटन त्याने बर्लिनमधल्या एका रेस्टॉरंटात मेन्यूकार्डाच्या पाठीवर केलं, साल २०००. समोर बसलेला बिल्डर अर्विन सेलर मूळचा कार्नाबी स्ट्रीटवरचा कपडेवाला. २००३ साली जाहीर चौकशी झाली आणि तत्कालीन मंत्री जॉन प्रेस्कॉट यांनी परवानगी दिली. पुढे मंदीत पैसे अडले तेव्हा कतार मदतीला आलं.

भांडण नुसत्या उंचीचं नव्हतं. सेंट पॉल्स कॅथीड्रल १११ मीटर. १७१०पासून अडीचशे वर्षं लंडनमध्ये त्याच्यापेक्षा उंच काही नव्हतं. त्याचा घुमट लांबून दिसत राहावा म्हणून १९३०च्या दशकापासून आजूबाजूच्या इमारतींच्या उंचीवर बंधनं आहेत. रिचमंड पार्कातल्या एका टेकाडावरून झाडीत कापलेल्या फटीतून सोळा किलोमीटर लांबचा घुमट दिसतो, आणि ती फट कायद्याने राखलेली आहे! लेडनहॉल स्ट्रीटवरची ‘चीझग्रेटर’ इमारत एका अंगाला तिरकी आहे ती फॅशन म्हणून नव्हे. फ्लीट स्ट्रीटवरून दिसणारा घुमट झाकला जाऊ नये म्हणून ती मागे कललीय. आणि इथे ३१० मीटरची कपची! पार्लमेंट हिलवरून बघितलं तर ती घुमटाच्या पाठीशीच येऊन उभी राहते.

आता तुम्ही सत्तर हजार देऊन वर जाणार, तिथून सेंट पॉल्स बघणार आणि ‘किती सुंदर जुनं शहर’ म्हणणार. ज्या खिडकीतून बघताय तीच त्या शहराच्या आड येते. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

पायरीवरचा
वीटचुना, माहिती झकास, निष्कर्ष नापास. शहर म्हणजे काय मुरांब्याची बरणी आहे, झाकण लावून ठेवायला? त्या जागी आधी काय होतं तेही सांगा ना. सत्तरच्या दशकातलं २४ मजली ऑफिस होतं, साउदर्क टॉवर्स. त्याच्यासाठी कुणी कधी अश्रू ढाळले नाहीत.

आपल्याकडेही अपोलो बंदरला १९०३च्या ताजशेजारी सत्तरच्या दशकात टॉवर आलाच. आज गेटवेचा फोटो काढताना तो कापून टाकतो का आपण?

वीटचुना
मी टाकतो.

पायरीवरचा
:) बरं.

मुक्कामपोस्ट
निळीछत्रीताई, उंच हॉटेलाबद्दल एक अनुभव. शहर वेगळं, हॉटेल वेगळं, नाव सांगत नाही. आम्ही ३१व्या मजल्यावर. बरोबर सासू-सासरे. रात्री तीन वाजता फायर अलार्म. लिफ्ट बंद, सगळे जिन्याने. सासूबाईंचे गुडघे म्हणजे आधीच प्रश्न. मी त्यांचा एक हात धरलाय, बायकोने दुसरा, आणि सासरे पुढे एकटे, छातीशी काहीतरी कवटाळून. चौदाव्या मजल्यापर्यंत पोचलो तेव्हा कळलं की अलार्म खोटा होता. परत वर जायला लिफ्ट चालू झाली. उजेडात बघतो तर सासऱ्यांनी पासपोर्ट, पैसे, औषधं सगळं खोलीत ठेवून बेसनाच्या लाडवांचा डबा तेवढा वाचवला होता.

तेव्हा खालचा मजला मिळाला तर नाक मुरडू नका.

खारीबिस्कीट
सासऱ्यांना साष्टांग नमस्कार. प्राधान्यक्रम स्पष्ट असलेला माणूस!

तिरपागडे
शार्डमधला सगळ्यात नशीबवान पाहुणा कोण माहितीये का? कोल्हा. २०११मध्ये बांधकाम चालू असताना एक कोल्हा जिने चढून थेट ७२व्या मजल्यावर जाऊन राहिला होता. मजुरांनी टाकलेल्या उरल्यासुरल्या अन्नावर मस्त जगत होता. पकडल्यावर त्याचं नाव ठेवलं रोमियो, आणि तपासून परत साउदर्कच्या रस्त्यावर सोडून दिला. एक पैसा न भरता नजारा, वर नाश्ता.

पुडाचीवडी
म्हणजे द्राक्षं आंबट नव्हती.

आजीचाबटवा
मी ७१ वर्षांची आहे. लेकाने मला आणि ह्यांना अशाच एका उंच हॉटेलात नेलं होतं, लंडनला नव्हे. तुम्ही सगळे आई-बाबांना काय वाटेल याचा खल करताय म्हणून लिहिते.

खोलीत शिरल्यावर पहिला अर्धा तास दिव्याची बटणं शोधण्यात गेला. पडदा बटणावर होता हे मला ठाऊक नव्हतं. मी साडी बदलत होते, दिवा लावायला म्हणून बटण दाबलं आणि पडदा आपोआप सरकायला लागला. समोर अख्खं शहर! मी किंचाळले. ह्यांनी शांतपणे सांगितलं, “अगं, इतक्या वर कोण बघतंय, पक्षीसुद्धा नाहीत.” मग दोघं पलंगावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. दृश्य काय होतं ते आता आठवत नाही, खरंच.

गादी फार मऊ होती. न्हाणीघरात तांब्या नव्हता. घरून प्लास्टिकचा मग न्यावा, हा माझा सगळ्यात व्यवहारी सल्ला.

खारीबिस्कीट
आजी! _/\_

मुक्कामपोस्ट
मग नको आजी, जागा अडते. पाण्याची रिकामी बाटली पुरते.

तिरपागडे
बाटलीवाले विरुद्ध मगवाले, सामना सुरू. आमच्याकडे झाकणाला भोकं पाडलेली बाटली सिंगापूर, दुबई, पॅरिस फिरून आलीय. तिच्या पासपोर्टावर आता जागा नाही.

निळीछत्री
धागा माझा आहे, जरा वर या! ३५व्या मजल्यावर तरी या.

आजी, तुमचं वाचून भावाला पाठवलं. तो म्हणाला, “बघ, मी हेच म्हणत होतो.” तो नेमकं काय म्हणत होता ते मला कळलं नाही.

दक्षिणकाठ
बरं, एक पर्याय. वरून लंडनच बघायचं असेल तर पैसे लागत नाहीत. एका उंच इमारतीच्या माथ्यावरचं स्काय गार्डन फुकट आहे, आधी वेळ राखून ठेवायची. ती इमारत तीच, जिच्या वक्र काचांनी ऊन एकवटून २०१३मध्ये खाली उभ्या केलेल्या जॅग्वार गाडीचे भाग वितळले होते. आणि २०२३पासून बिशप्सगेटला होरायझन २२ आहे, ५८व्या मजल्यावर, तेही फुकट. तिथून शार्ड समोर दिसतो, जे शार्डमधून दिसत नाही.

पण राहणारच असाल तर माझी विनंती आहे, पायथ्याची गल्लीबोळं सोडू नका. शार्डच्या सावलीत, अक्षरशः, सेंट थॉमस चर्चच्या माळ्यावर १८२२चं ऑपरेशन थिएटर आहे. ५२ पायऱ्यांचा गोल जिना, दोराला धरून चढायचं. भूल देण्याच्या आधीचा काळ. मधोमध लाकडी टेबल आणि भोवती विद्यार्थ्यांना उभं राहायला चढत्या पायऱ्या, गावच्या तमाशाच्या फडासारख्या. (आईंच्या गुडघ्यांचं बघा.) पुढे बरो हाय स्ट्रीटवर जॉर्ज इन, १६७७मध्ये आगीनंतर पुन्हा बांधलेली, लाकडी सज्जांची. त्याच रस्त्यावर मार्शलसी तुरुंगाची उरलेली भिंत, जिथे डिकन्सचे वडील कर्जापायी अडकले होते. आणि बरो मार्केट तर आहेच.

बाबांचे पाय चांगले असतील तर नदी ओलांडून मॉन्युमेंट, लंडनच्या मोठ्या आगीच्या आठवणीचा दगडी खांब. तोही १६७७चा. ३११ पायऱ्या चढून गेलात की खाली प्रमाणपत्र देतात. उंची ६१ मीटर, शार्डच्या पाचव्या हिश्शाएवढी, पण तिथे धाप लागते म्हणून ती उंची पायांना कळते. लिफ्टने चाळीस मजले चढलं की फक्त कान बंद होतात.

घाटमाथा
व्ही अँड एमध्ये (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) वाघनखं बघायला न्याल तर फसाल, २०२४च्या जुलैत ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आलीयेत, आधी साताऱ्यालाच. आमच्या शेजाऱ्यांनी लंडनला जाऊन विचारलं होतं. साताऱ्याचेच आहेत ते.

तिरपागडे
=)) =))

वीटचुना
कोणीतरी मला विपूत (खाजगी निरोपात) विचारलं, वाऱ्याने हलतं का? प्रत्येक उंच इमारत थोडी हलते, हलायलाच हवी. शार्डमध्ये खालचे ऑफिसांचे मजले पोलादी सांगाड्याचे आणि वर, ४१व्याच्या आसपासपासून, काँक्रीट. वरच्या भागात काँक्रीटचं वजन आलं की डोलणं कमी होतं. शिवाय काँक्रीटची लादी पातळ बसते, तेवढ्याच उंचीत जास्त मजले मिळतात, आणि वरच्या पाहुण्याच्या चपलेचा आवाज खालच्याला जात नाही. पाया खोदणं आणि मधला गाभा वर चढवणं ही दोन्ही कामं एकाच वेळी चालली होती, एक खाली आणि एक वर. इमारत निमुळती असल्यामुळे खोल्या एकसारख्या नाहीत, प्रत्येक मजल्यावर आकार बदलतो.

हे सगळं मी कौतुकाने लिहिलं हे मलाच आत्ता कळतंय. असो.

पायरीवरचा
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

सांधेवाला
पहिल्यांदाच लिहितोय, एरवी नुसता वाचतो. निळीछत्री, तुम्ही सुरुवातीच्या पोस्टमध्ये लिहिलंत की बाबा मनमाडला यार्ड मास्तर होते. इतके प्रतिसाद आले, पण त्या एका ओळीकडे कुणी लक्ष दिलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

सगळे उत्तरेची खोली मागतात, कारण तिथून नदी, सेंट पॉल्स, टॉवर ब्रिज. तुम्ही पूर्वेची मागा. खाली लंडन ब्रिज स्टेशन आहे, १८३६चं. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच्या सतरा वर्षं आधीचं. १५ फलाट, त्यातले नऊ आरपार आणि सहा आंधळे, म्हणजे गाडी तिथे संपते आणि उलटी फिरते. चेरिंग क्रॉस, कॅनन स्ट्रीट आणि टेम्सलिंक (शहराच्या पोटातून उत्तर-दक्षिण जाणारा मार्ग) अशा तीन दिशांच्या गाड्या एकाच गळ्यातून जातात आणि पूर्वेला पंख्यासारख्या फाकतात. हे सगळं जमिनीवर नाही, विटांच्या कमानींवर. ग्रिनिचपर्यंतच्या जुन्या मार्गाला ८७८ कमानी मोजतात. २०१८पर्यंत पाच वर्षं चालू स्टेशनात फलाट पाडून पुन्हा बांधले. कुठल्याही यार्डवाल्याला विचारा, चालू ट्रॅफिकमध्ये काम म्हणजे काय ते.

आयुष्यभर ज्याने रूळ जमिनीवरून बघितले, त्याला ते एकदा चाळीस मजल्यांवरून बघू दे. उंचीचे पैसे त्यात वसूल होतील. त्यांना विचारा, गाड्यांच्या वर तारा का नाहीत. मी सांगत नाही.

आजीचाबटवा
हा खरा सल्ला.

दक्षिणकाठ
बारा वर्षं त्या स्टेशनातून ऑफिसला जातोय, हे डोक्यात आलं नव्हतं. हात जोडले.

निळीछत्री
सांधेवाला, भावाला फोन लावून वाचून दाखवलं. अर्धा मिनिट काही बोलला नाही, मग म्हणाला, पूर्व. बुक केलं. आईला दर सांगायचा नाही असं ठरलंय.

मुक्कामपोस्ट
आई पौंडाला एकशे पंधराने मनातल्या मनात गुणणार. कितीही लपवा.

खारीबिस्कीट
वृत्तांत हवा!

निळीछत्री
परत आलो. उशीर झाला, माफी. वृत्तांत मागितलात म्हणून सविस्तर लिहिते.

खोलीत गेल्यावर आईने आधी न्हाणीघर बघितलं, मग कपाट, मग पलंगाखाली वाकून बघितलं (का, ते विचारलं नाही). बाबा थेट खिडकीशी. मी म्हटलं, बाबा, तो बघा डावीकडे टॉवर ऑफ लंडन, त्यात कोहिनूर आहे. “असू दे,” म्हणाले. नजर खाली.

पाच मिनिटांनी म्हणाले, “वर तारा कुठायत?” सांधेवाला, मी तुमची आठवण काढली. मी गप्प राहिले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, आणि म्हणाले, “बाजूला तिसरा रूळ टाकलाय यांनी. त्यातून करंट घेतात.” मग आईला बोलावून समजावायला लागले की आपल्याकडे १९२५ला मुंबईत वीज आली ती वरच्या तारेची, इथे खालून देतात, म्हणून आकाश मोकळं दिसतं. आई म्हणाली, “पावसात शॉक नाही बसत?” त्यावर वीस मिनिटं झाली.

रात्री दिवे लागेपर्यंत आई झोपून गेली होती. भाऊ आणि मी घरी हाउन्स्लोला. पहाटे साडेपाचला भावाचा फोन वाजला. आमच्या पोटात गोळा. बाबा! म्हणाले, “अरे, एक गाडी सात मिनिटं आउटरला उभीये. मागे दुसरी आलीय. काय झालंय बघ ना तुझ्या मोबाइलवर.” भावाने अंथरुणात बसून बघितलं तर कुठल्यातरी गाडीला उशीर लिहिला होता, कारण नाही. तर बाबा म्हणाले, “कारण मला दिसतंय. समोरचा फलाट रिकामा होत नाहीये. मी असतो तर पलीकडच्यावर घेतली असती.” पावणेपाचपासून खुर्ची ओढून बसले होते. हॉटेलच्या पॅडवर पेन्सिलीने रुळांचा नकाशा काढलाय, सांधे (गाडी रूळ बदलते त्या जागा) धरून. तो आता घरी फ्रिजवर आहे.

आईला दर कळला. अर्थात भावाच्याच तोंडून, नाश्त्याच्या वेळी. आम्ही श्वास रोखला. ती एकशे पंधराने गुणत होती ते ओठांवरून दिसत होतं. मग विचारलं, “खोली किती वाजेपर्यंत आपली?” बारा, म्हटलं. “मग आत्ताच का निघायचं?” वर गेली, दार लावलं, आणि बरोब्बर बाराला पाच कमी असताना दोघं खाली आले. आईच्या पिशवीत खोलीतल्या चपला होत्या. त्या नेल्या तरी चालतात, असं तिने आधी खाली विचारून घेतलं होतं.

आजीचाबटवा
आईंना माझा नमस्कार सांगा. पलंगाखाली मीही बघते.

वीटचुना
तो नकाशा स्कॅन करून टाकता येईल का? हौस म्हणून नाही, खरंच बघायचाय.

सांधेवाला
टेम्सलिंकच्या गाड्यांच्या टपावर पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा) मिटलेला असतो, तो बाबांना दिसला का? त्या तिसऱ्या रुळावर येतात आणि नदीपलीकडे फॅरिंग्डनला वरच्या तारेवर जातात.

निळीछत्री
सांधेवाला, विचारलं. म्हणाले, “दिसला होता, पण मला वाटलं बंद पडलाय.” आता तुमचा नंबर मागतायत. विपू बघा.